टो स्ट्रेचर घेतला, आता लावायचा कसा? पाय दुखणाऱ्या नवशिक्यांसाठी

मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर दिवसभर उभा राहणारा माणूस आहे मी, त्यामुळे पाय दुखणं हा विषय दोन्ही बाजूंनी रोजचा, काउंटरच्या अलीकडे माझे पाय अन् पलीकडे गिऱ्हाइकाचे. हल्ली लोक रील पाहून येतात, "भाऊ, ते बोटांमध्ये अडकवायचं जेलचं असते न, ते द्या", घेऊन जातात, पहिल्याच रात्री मॅच पाहता पाहता दोन तास लावून बसतात अन् सकाळी लंगडत येऊन म्हणतात हे तर बोगस निघालं. बोगस नसते हो ते. फक्त ते काय करते अन् काय करत नाही हे डब्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून टाकावं.

तर काय करते? बुटाने दिवसभर एकमेकांवर दाबून ठेवलेली बोटं थोडा वेळ लांब करून ठेवते, बस. एका पायात २६ हाडं अन् ३३ सांधे असतात, त्यातले कितीतरी पुढच्या चवड्यात अन् बोटांत, अन् तेवढी गर्दी आपण निमुळत्या बुटात कोंबतो. स्ट्रेचरने स्नायू सैल पडतात, बोटांमधला दाब कमी होतो, आराम वाटतो. वाकडं झालेलं हाड मात्र त्याने सरळ होत नाही, कोणी कितीही आधीचे-नंतरचे फोटो दाखवू द्या.

आधी पाहा दुखते कुठं

ही पायरी सगळे टाळतात, अन् खरं म्हणजे अर्धं काम इथंच होते. बोटांनी दाबून पाहा, नेमकी जागा शोधा.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलालाच टाचेत खिळा टोचल्यासारखं होते, चार पावलं चाललं की कमी होते, मग खूप वेळ बसून उठलं की पुन्हा तेच, असं असेल तर बहुतेक वेळा ते प्लांटर फॅसायटिस असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो त्याचं दुखणं. आता नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. टो स्ट्रेचर बोटं आडवी फाकवतो, अन् हा पट्टा आडवा ताणल्या जात नाही, तो ताणल्या जातो अंगठा वर नडगीकडे ओढला की. १९५४ मध्ये हिक्स नावाच्या डॉक्टरने हे मांडलं होतं, अंगठा वर उचलला की तळव्याचा पट्टा ताणतो अन् पायाची कमान वर येते. खुर्चीवर बसून एका हाताने अंगठा वर करा, दुसऱ्या हाताचं बोट तळव्यावर ठेवा, दोरीसारखा पट्टा हाताला लागेल. म्हणजे टाचदुखीवाल्याने स्ट्रेचर घेतला तर चालते, पण खरं औषध हाताने करायचा ताण आहे, तो खाली सांगतो.

अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, हाड गाठीसारखं वर आलं अन् अंगठा शेजारच्या बोटावर झुकला, त्याला बनियन म्हणतात. इथं स्ट्रेचरचा उपयोग होते, पण आधी एक टेस्ट करा. हाताने अंगठा हळूच सरळ करून पाहा. सरळ होत असेल, दुखत नसेल, तर स्ट्रेचर वापरायला हरकत नाही. अंगठा हलतच नसेल, किंवा वर उचलतानाच सांध्यात कळ येत असेल, तर जबरदस्तीने मध्ये जेल ठोसू नका, तो सांधा आखडलेला आहे, त्याला डॉक्टरच पाहिजे.

तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये जळजळ, झिणझिण्या, चपलेत खडा गेल्यासारखं वाटते पण चप्पल झटकली तर काहीच नाही, हे तिथल्या नसेचं दुखणं असू शकते. कोणाला बोटं फाकवली की बरं वाटते, कोणाला उलट झिणझिण्या वाढतात. वाढल्या तर काढून ठेवा, सवय होईल म्हणून बसू नका.

अन् चवडा दुखणं, म्हणजे बोटांच्या मागचा तो गादीसारखा भाग, हे आमच्यासारख्या उभं राहणाऱ्यांचं. दुकानदार, शिक्षिका, ट्रॅफिकवाले, लग्नात तीन दिवस हिल घालून फिरणाऱ्या ताई. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाडी लांब लावून चालत गेलं की दुसऱ्या दिवशी जे दुखते तेही हेच. यात स्ट्रेचरचा आराम लवकर जाणवते.

यांनी लावूच नये

शुगर असेल तर थांबा. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासात देशात १० कोटींच्या वर मधुमेही असल्याचा अंदाज होता, म्हणजे हे वाचणाऱ्यांच्याही घरात कोणी ना कोणी असेलच. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये पायाची संवेदना कमी होते, जेल रुतून जखम झाली तरी कळत नाही, अन् शुगरवाल्याच्या पायाची जखम म्हणजे खेळ नाही. आधी डॉक्टरला पाय दाखवा, ते नायलॉनच्या बारीक तंतूने टोचून पाहतात कुठं कळते कुठं नाही, मग ठरवा.

रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालबुंद, गरम, चादर लागली तरी ओरडावं वाटेल असा झाला तर ते युरिक ॲसिडचं, म्हणजे गाऊट असू शकते, तिथं स्ट्रेचर नाही, डॉक्टर. पायाचं ऑपरेशन नुकतंच झालं, फ्रॅक्चर आहे, पायात रक्तपुरवठा कमी असल्याचं सांगितलं आहे, संधिवाताने बोटं सुजली आहेत, यांनीही स्वतःच्या मनाने नाही. अन् बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर त्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत थांबा. पावसाळ्यात हे हमखास होते, ओल्या मोज्यांत दिवस काढला की बेचक्यात पांढरं पडते, खाज सुटते, अन् त्यावर रबर बसवलं तर फंगसची चंगळच.

घ्यायचा कोणता

चार प्रकार दिसतील. एक, जाड जेलचा, पाचही बोटं खाली जातात अन् मध्ये खुंट्या असतात, हा फक्त बसून वापरायचा. दुसरा पातळ, बोटांत रिंगा घालून बसणारा, ज्याला स्पेसर म्हणतात, हा रुंद बुटात घालून चालताही येते. तिसरा अंगठा अन् शेजारच्या बोटाच्या मध्ये ठेवायचा एकच छोटा तुकडा, स्वस्त अन् बनियनवाल्यांना सुरुवातीला पुरेसा. चौथा पट्ट्यांचा अन् बिजागरीचा रात्री बांधायचा कडक साचा, तो नवीन माणसाने घेऊच नये.

पण पैसे टाकायच्या आधी एक सांगू? दुकानदार असून सांगून राहिलो. नेलपॉलिश लावताना पार्लरवाल्या ताई बोटांत फोमचा तुकडा घालतात तो घरात पडला असेल, तो लावून पाच मिनिटं बसून पाहा. नाही तर गॉझची पट्टी गुंडाळून प्रत्येक बोटाच्या मध्ये ठेवा. एवढ्यानेच कळ येत असेल तर जाड जेल तुम्हाला सहनच होणार नाही. बरं वाटलं तर मग घ्या.

घेताना दाबून पाहा, खुंटी दोन बोटांत सहज चेपली पाहिजे. टणक असेल तर ठेवून द्या. पाय लहान असेल तर लहान साईझ मागा, "एकच साईझ सगळ्यांना" असं लिहिलेलं असते पण सात नंबरचा बूट घालणारा अन् तीन नंबरची चप्पल घालणारी यांच्या बोटांमधलं अंतर सारखं कसं असेल. साधी जोडी दोन-चारशेत मिळून जाते, ब्रँडेडवाली कितीतरी महाग, अन् नवशिक्याला साधीने काही फरक पडत नाही. पाकीट फोडल्यावर परत घेत नाहीत, पायाला लागलेली वस्तू आहे, त्यामुळे पाहायचं ते आधी पाहा.

लावायच्या आधी

वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची, जेवण झालं, काम आटोपलं, अशी. उन्हाळ्यात मात्र बाहेरून आल्या आल्या नाही. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, दुपारी बर्डीच्या बाजारातून फिरून आलं की पाय सुजलेले असतात, चप्पलसुद्धा रुतते, त्यात जेल घातलं तर आणखी रुतेल. पाय धुवा, कूलरसमोर थोडं बसा, सूज उतरू द्या.

मग कोमट पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं, नसलं जमत तर नुसते साबणाने धुवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, टॉवेलचं टोक एकेका बेचक्यात घालून, ही गोष्ट कंटाळवाणी आहे पण चुकवू नका. तेल लावून जेल चढवू नका, घसरते अन् नंतर चिकट होऊन धूळ पकडते. चढत नसेल तर जेलला पाण्याचे दोन थेंब किंवा थोडी टाल्कम पावडर पुरते.

आता जोडवी. हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत कारण ते व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या पायात जोडवी नसतात. अंगठ्याच्या शेजारच्या बोटात जोडवं असलं अन् वरून जेल चढवलं तर धातूची कडा बोटात रुतते, कातडी सोलल्या जाते. काढून ठेवा, निघत नसतील तर साबणाचं पाणी लावून फिरवत फिरवत काढा. आता आमच्या आईला "जोडवी काढ" म्हटलं तर ती आधी माझ्याकडे पाहते, मग देवाकडे, अन् म्हणते राहू दे बाप्पा तुझं ते जेल. तर ज्यांना काढायचीच नाहीत त्यांच्यासाठी सोपा उपाय, जेल राहू द्या, हाताची बोटं वापरा. उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, डाव्या हाताची बोटं तळव्याकडून पायाच्या बोटांमध्ये हळूहळू गुंतवा, जोडव्याची जागा सोडून, अन् चवडा गोल गोल फिरवा. आई हेच करते. मला विचाराल तर जेलपेक्षा हे कमी नाही, उलट हाताला कळते कुठं आखडलं आहे.

लावायची पद्धत

खुर्चीवर किंवा पलंगाच्या काठावर बसा, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. अंगठ्यापासून सुरुवात करा, पहिली खुंटी अंगठा अन् शेजारच्या बोटाच्या मध्ये अर्धीच सरकवा, मग पुढची, मग पुढची, करंगळी शेवटी. करंगळी सगळ्यात नखरेल, ती आत वळलेली असते, तिला हाताने धरून बाहेर काढावं लागते. सगळी बोटं अर्धी बसली की मग थोडं थोडं खाली ढकला. बेचक्याच्या तळाशी जाऊन आदळेपर्यंत नाही, थोडी जागा राहू द्या.

जाणवायला काय पाहिजे? ओढ. व्यायामशाळेत अंग ताणल्यावर येते तशी, सहन होणारी. टोचणं, जळणं, बधिरपणा, ठणका, यातलं काहीही आलं की काढा. बोटांचा रंग पाहा, पांढरी किंवा निळी पडली तर साईझ लहान आहे किंवा जास्त खोल गेलं आहे. अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदात पुन्हा गुलाबी झालं पाहिजे.

वेळ: पहिल्या दिवशी पाच मिनिटं. हो, पाचच, घड्याळ लावून. तीन-चार दिवस तेवढंच ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन दुखणं नसेल तर पाच मिनिटं वाढवा, असं करत करत अर्ध्या तासापर्यंत न्या. कोणी तासभरही लावते, त्यात वावगं नाही, पण तिथपर्यंत पोहोचायला काही आठवडे लागले पाहिजेत. बोटं वर्षानुवर्षं दाबलेली आहेत, एका रात्रीत त्यांना ओढून काढायची घाई काऊन?

लावून झोपू नका. झोपेत रक्त अडलं, कातडी रुतली तर कळत नाही. अन् जाड जेल लावून टाइल्सवरून चालू नका, फोन वाजला म्हणून उठले अन् सरळ घसरले असं होते, फोन आधीच जवळ घेऊन बसा.

नुसतं लावून बसू नका

जेल बोटं लांब करते, पण ती लांब ठेवायची ताकद जेल देत नाही, ती पायाच्या स्नायूंना यावी लागते. म्हणून काढल्यावर दोन-तीन गोष्टी करा, बोटं मोकळी असतात तेव्हा जमतातही बऱ्या.

पाय जमिनीवर सपाट ठेवा, फक्त अंगठा वर उचला, बाकीची चार खाली. मग उलटं, अंगठा खाली अन् चार वर. पहिल्यांदा काहीच हलणार नाही, तुम्ही मेंदूतून ऑर्डर द्याल अन् पाय ढिम्म. हाताने मदत करा, काही दिवसांनी जमून जाते. दुसरं, बोटं न वाकवता चवडा टाचेकडे किंचित ओढायचा, म्हणजे कमान वर येते, थोडं धरून ठेवायचं, सोडायचं. तिसरं, फरशीवर जुना दुपट्टा पसरा अन् बोटांनी गोळा करा, हे लहान पोरांसोबत शर्यत लावून करता येते.

टाचदुखीवाल्यांचा तो ताण आता. सकाळी जमिनीवर पाय ठेवायच्या आधीच, पलंगावर बसल्या बसल्या. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने तळव्याचा पट्टा ताणला का ते पाहा, दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ मध्ये अमेरिकेत टाचदुखीच्या रुग्णांवर हा ताण अन् नुसता पोटरीचा ताण अशी तुलना झाली होती, त्यात हा जास्त कामाचा निघाला. पोटरीचाही करा तरी, भिंतीला हात टेकवून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद. पोटरी आखडलेली असली की सगळा भार तळव्यावर येते.

बूट नाही बदलले तर सगळं पाण्यात

खरं सांगायचं तर या लेखात एवढा एकच भाग वाचला तरी चालेल. रात्री अर्धा तास बोटं फाकवायची अन् सकाळी पुन्हा टोकदार बुटात दहा तास कोंबायची, यात जिंकणार कोण ते सांगायला नको.

तपासायचं असं. पेपरवर उभे राहा, पूर्ण वजन देऊन, दुसऱ्या कोणाला तरी पायाभोवती पेन्सिल फिरवायला लावा. त्या आकृतीवर तुमचा बूट ठेवा. आकृती बुटाच्या बाहेर डोकावत असेल तर तेवढा पाय तुम्ही रोज आत दाबून राहिले. स्पोर्ट्स शूजमधलं आतलं सोल निघते, ते काढून त्यावर उभं राहूनही कळते, बोटं सोलच्या बाहेर लोंबली की बूट अरुंद.

नवीन घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. दोन्ही पायांत घालून दुकानात चाला, सगळ्यात लांब बोटाच्या पुढं साधारण एक सेंटीमीटर जागा पाहिजे, अन् सगळ्यात लांब बोट अंगठाच असते असं नाही, पुष्कळांचं शेजारचं असते. दुकानदार म्हणेल "वापरून सैल होते", लेदर थोडं होतेही, पण पहिल्या दिवशी चावणारा बूट घेऊ नका.

चपलांचं वेगळंच. अंगठ्याचा पट्टा असलेली चप्पल किंवा साधी स्लीपर सैल झाली की ती पायातून सुटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरतात, तुम्हाला कळतही नाही, घरी आल्यावर बोटं दुखतात तेव्हा कळते. लांब चालायचं असेल, फुटाळ्याला नाही तर सिव्हिल लाइन्सच्या वॉकर्स स्ट्रीटला, तर मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. तसेही आता नागपुरात जिकडे पाहा तिकडे सिमेंटचे रोड, जमीन काही दबत नाही, जे दबायचं ते तुमच्या सोलने दबलं पाहिजे. अंबाझरीच्या बागेत मातीवर चालायला मिळत असेल तर तिथं चाला.

पातळ स्पेसर बुटात घालायची घाई करू नका. आधी घरात, अनवाणी, थोडं थोडं. मग रुंद बुटातच. अरुंद बुटात स्पेसर घातला तर आत गर्दी आणखी वाढते, अन् करंगळीवर कुरूप येते ते वेगळं.

डॉक्टरकडे कधी

तीन-चार आठवडे नीट केलं, बूटही बदलले, अन् काहीच फरक नाही, तर जा. एकाच पायाला सूज, वजनच टाकता येत नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बधिरपणा वाढून राहिला, यातलं काही असेल तर तीन-चार आठवडे वाटच पाहू नका. नागपुरात मेडिकल अन् मेयो या सरकारी दवाखान्यांत नाही तर मिहानच्या एम्सला हाडांच्या ओपीडीत दाखवता येते. बनियनसाठी एक्स-रे सांगितला तर तो उभं राहून काढायचा असतो का ते विचारा, कारण पायावर वजन असताना अन् झोपलेलं असताना अंगठ्याचा कोन वेगळा दिसते. जाताना रोज घालता तेच बूट किंवा चप्पल घालून जा, नवीन नाही, झिजलेलं सोल पाहून डॉक्टरला पुष्कळ कळते.

जेलची देखभाल

दर वेळी वापरल्यावर साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात नाही, आपल्या उन्हात जेल चिकट अन् पिवळं पडते. वाळल्यावर थोडी पावडर मारून डब्यात ठेवा, पावसाळ्यात डबा बंद करायच्या आधी हात फिरवून पाहा ओलं नाही ना. एकाचं दुसऱ्याने वापरायचं नाही, नवरा-बायको असले तरी, फंगस नातं पाहत नाही. खुंटीच्या बुडाशी चीर दिसली की फेकून द्या, त्या चिरेत कातडी चिमटते अन् तिथली घाण कितीही धुतली तरी निघत नाही.